परवाना आला, आता .३२ चं पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्वर?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. दोन वर्षं कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यावर शस्त्र परवाना हातात पडला. धंदा केळी खरेदीचा. कापणीच्या टोळीची मजुरी, ट्रकवाल्याचा ॲडव्हान्स, बरंचसं रोखीत चालतं. मागच्या पावसाळ्यात भाचा तिन्हीसांजेला सावद्याहून येत होता. मोटरसायकलवर दोघं मागे लागले. ह्याने वेग वाढवला की त्यांनी वाढवायचा, हा हळू झाला की तेही हळू. शेवटी ह्याने पेट्रोल पंपाच्या उजेडात गाडी घातली तेव्हा ते पुढे निघून गेले. पिशवीत साडेतीन लाख होते. त्या दिवसापासून भाचा यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी बहीण ओट्यावर येऊन उभी राहते.

शर्टाखाली दिसणार नाही असं लहान हत्यार हवंय. कानपूरची रिव्हॉल्वरं बघितली, निर्भीक आणि नवं प्रबल. सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूलही आहे. जुनं विलायती घ्यायची ऐपत नाही. वापरणाऱ्यांनी सांगा.

सातपुडा_पायथा
फौजेत सतरा वर्षं काढली, म्हणून बोलतो. रिव्हॉल्वर घ्या, डोळे मिटून.

पिस्तूल हे रोजच्या सवयीचं हत्यार आहे. चेंबर, म्हणजे नळीमागचं गोळीचं घर, रिकामं ठेवून फिरलात तर वेळेवर स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायला दोन हात लागतात, आणि तुमचा एक हात हँडलवर नाहीतर पैशाच्या पिशवीवर असणार. चेंबरमध्ये गोळी ठेवून फिरलात तर सेफ्टीची खिट्टी, जी घोडा अडवते, वर आहे की खाली हे अंधारात, घाबरलेल्या अंगठ्याला आठवलं पाहिजे. आम्हाला ते आठवायचं, कारण उस्तादाने आठवेपर्यंत पळवलं होतं. तुम्हाला कोण पळवणार?

रिव्हॉल्वरचं तसं नाही. घोडा दाबला की गोळ्यांचं चक्र फिरतं, गोळी सुटते. एखादी गोळी फुसकी निघाली तरी परत दाबा, पुढचं घर समोर येतं. घोडा जड असतो, चुकून दाबला जात नाही, हाही फायदाच.

निर्भीक २०१४ चं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो. कमरेला छान, पण हलकं हत्यार हातात जास्त उसळतं हे दुकानदार सांगत नाही. प्रबल २०२३ मध्ये आलं. त्याचं चक्र बाजूला उघडतं, जुन्या मॉडेलांसारखं मधून कंबरेत मोडावं लागत नाही. मी प्रबल घेईन.

मेहरूण_तलाव
फौजीसाहेबांचा मान राखून विरोध करतो. ते उन्हाळ्यात कुठे राहतात माहीत नाही, मी जळगावात राहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि अख्खं गाव पातळ सुती हाफ शर्टात फिरतं. अशा शर्टाखाली रिव्हॉल्वरचं चक्र म्हणजे कमरेला कांदा बांधल्यासारखं. चहाच्या टपरीवरचं पोरगंही विचारतं, शेठ, ते काय फुगलंय? पिस्तूल चपटं असतं, अंगाला चिकटून बसतं. लपवायचंच असेल तर चपटेपणा पहिला बघायचा, वजन नंतर.

माझ्याकडे सात वर्षांपासून .३२ चं पिस्तूल आहे. एक अनुभव सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, ठेवलं होतं. महिन्याभरात स्लाइडवर तांबूस ठिपके. चामडं घाम पितं आणि लोखंडाला पाजतं. आता रोज रात्री सुक्या फडक्याने पुसतो, तेलाचा बोटभर हात फिरवतो. निर्भीकला हा त्रास कमी असेल, मान्य.

आणि नव्या माणसाने एक लक्षात ठेवावं. दोन्हीवर .३२ लिहिलेलं असलं तरी गोळ्या एक नाहीत. रिव्हॉल्वरची लांब असते, पिस्तुलाची आखूड. पावती करताना डब्यावरचं नाव पूर्ण वाचा.

सातपुडा_पायथा
कांद्याची उपमा आवडली. पण भाऊ, सात वर्षांत गोळ्या किती झाडल्या?

मेहरूण_तलाव
खरं सांगू? प्रशिक्षणात झाडल्या त्या, आणि नंतर एकदा नेमबाजीच्या रेंजवर दहा. गोळ्यांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, भाव तुम्हाला माहीत आहे, आणि सरावाला जागा कुठे आहे आपल्याकडे? वरणगावला गोळ्यांचा कारखाना असून उपयोग काय, तो माल फौजेचा.

सातपुडा_पायथा
मग माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केला. सात वर्षांत रेंजवर दहा गोळ्या झाडणाऱ्याने सेफ्टीवाल्या हत्याराच्या नादी लागू नये.

खान्देशी_ठसका
मी म्हणतो एवढा पैसा घालायचा कसाले भो? चोपड्यावरून डोंगर चढला की पाव किमतीत काम होतं 😀

वकील_देवपूर
हसण्यावारी नेऊ नका. डोंगरापलीकडच्या, गावठी कट्टे बनवणाऱ्या उमर्टीचं नाव पेपरात येतं ते कौतुकाने येत नाही. विनापरवाना हत्यार जवळ बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. वापरलंच पाहिजे असं नाही, नुसतं सापडलं तरी. धुळ्याच्या कोर्टात असल्या पोरांचे आईबाप बघतो मी, डबा घेऊन बसलेले असतात. शिवाय त्या नळीचं लोखंड कसलं असतं ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. समोरच्याला लागण्याआधी स्वतःची बोटं जातात.

आता मूळ प्रश्नाबद्दल. ज्यांनी पडद्यावर अमेरिकन लोकांचे नाइन एमएम बघितले असतील त्यांनी ते विसरावं. नाइन एमएम, .३८, .४५५ हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंद असलेली नळीची मापं. सामान्य माणसाच्या हातात बहुतेक .३२ नाहीतर .२२. १९८० च्या दशकापासून आयातही बंद, म्हणून जुन्या विलायती पिस्तुलांना सोन्याचा भाव.

शर्टाखाली लपवायचं म्हणता, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल झाकलेलंच असलं पाहिजे, होल्स्टरमध्ये आणि तुमच्या ताब्यात. कमरेला खोचून मुठीवर हात ठेवून फिरणं हा गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. दिवाळीत, लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडणं हाही गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण मला खटकलं ते वेगळंच. केळीबाग भाऊ, परवाना कोणाच्या नावावर आहे? रोकड कोण आणतं?

केळीबाग_रावेर
परवाना माझ्या नावावर. रोकड बहुतेक वेळा भाचाच आणतो. माझी गुडघेदुखी आहे, मोटरसायकल होत नाही. वाटलं, तो जाईल तेव्हा त्याच्याकडे देईन.

वकील_देवपूर
देता येणार नाही. तुमच्या हत्यारासह तो एकटा सावद्याच्या रस्त्यावर सापडला तर तोही अडकेल आणि तुम्हीही. तुमचं लेखी पत्र घेऊन तो हत्यार दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा तुमच्याच वापरासाठी नेऊ शकतो, तेवढंच. संरक्षणासाठी त्याच्या कमरेला हवं असेल तर त्याचा स्वतंत्र परवाना, नाहीतर तुमच्या परवान्यावर रीतसर त्याची नोंद करून घ्यायची. ती कचेरी सहज करून देत नाही, तयारीत राहा. त्याचं वय किती?

केळीबाग_रावेर
दिवाळीनंतर वीस पूर्ण.

वकील_देवपूर
एकवीस पूर्ण झाल्याशिवाय त्याचा अर्जसुद्धा पुढे जाणार नाही.

सावद्याची_सून
एवढ्या दादा लोकांत एकटीच बोलतेय. आमच्या घरात तीस वर्षं रिव्हॉल्वर होतं, मामंजींचं. त्याची हकिगत सांगते, मग चक्र की चपटं ते ठरवा.

माझ्या लग्नानंतर दोन महिन्यांनी नणंदेचं लग्न होतं. मामंजी वधूपिता, अंगात कोट, कमरेला ते. घरी ठेवावं तर घर रिकामं, चोरीची भीती. सोबत आणावं तर व्याही गळाभेट घ्यायला आले की मामंजी एका बाजूने तिरके होणार. पंगतीत मांडी घालून बसता येईना. शौचाला जायचं तर ते सोडून ठेवायचं कुठे? शेवटी सासूबाईंनी ते पानसुपारीच्या डब्यात घातलं आणि अख्खं लग्न डबा मांडीवर घेऊन बसल्या. कोणी विडा मागितला तरी डबा उघडेनात. फोटोत बघा, मंगलाष्टकं चाललीत आणि सासूबाई डबा कवटाळून.

हे हसण्याचं झालं. न हसण्याचं असं की, आमच्या कापसाच्या जिनिंगची रोकड खरंच लुटली गेली, तेव्हा निवडणूक लागली होती आणि रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा होतं. आणि एकदा थोरल्या जाऊबाईंचा चार वर्षांचा मुलगा गोधड्यांच्या कपाटात लपंडाव खेळताना ते हातात घेऊन बाहेर आला. गोळ्या वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून आज तो इंजिनीअर आहे. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्याच दिवशी भिंतीत लोखंडी तिजोरी बसवली.

मामंजी गेल्यावर आम्ही हत्यार रीतसर जमा केलं. घरातल्या बायकांना त्या रात्री झोप लागली.

मेहरूण_तलाव
ताई, डब्याचा फोटो असेल तर टाका 🙏

पण एक सांगतो. निवडणुकीत प्रत्येकाचं हत्यार जमा करतात असं नाही, जिल्ह्याची छाननी समिती बघते कोणाचं घ्यायचं. आणि लहान मुलाच्या हाती लागलं हा ठेवणाऱ्याचा दोष. अर्ज करतानाच सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून देतो आपण.

सावद्याची_सून
हमी मामंजींनीही दिली असेल भाऊ. कपाटाला कुलूप होतं. किल्ली सासूबाईंच्या कमरेला, आणि सासूबाई पाटावर पापड लाटत होत्या. पोरगं किल्ली मागून घेऊन गेलं, "आजी, गोधडी काढायचीय" म्हणून.

तापीकाठ_यावल
मी दोन्ही पक्षांच्या विरोधात. रोकडच बंद करा ना. मी तीन वर्षांपासून टोळीच्या मुकादमाच्या खात्यावर पैसे टाकतो. पिशवी नाही तर पाठलाग नाही.

केळीबाग_रावेर
भाऊ, तुमचा मुकादम शिकलेला असेल. माझ्याकडे पाड्यांवरून येणारी पावरा आदिवासी मंडळी आहेत. बाजाराच्या दिवशी पैसा हातात लागतो त्यांना. मुकादमाच्या खात्यावर टाकले तर तो त्यातून किती कापतो हे मला विचारू नका. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, बँक पंधरा किलोमीटरवर. मी फोनवरून पैसे दिले तर ते दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातील.

तापीकाठ_यावल
मजुरीचं पटलं. ट्रकवाल्याचा ॲडव्हान्स? तो इंदूरचा ट्रान्सपोर्टवाला पाड्यावर राहतो का?

केळीबाग_रावेर
नाही.
ते जुन्या सवयीने चाललंय.

सातपुडा_पायथा
तापीकाठ भाऊ, सगळं खात्यावर टाकलं तरी घर आहे, मळा आहे, रात्री पंपावर जाणं आहे. वाट अडवणारा आधी बँकेचं पासबुक मागत नाही. प्रत्येक वेळी "हत्यारच नको" म्हणणं सोपं आहे. ज्याच्या मागे मोटरसायकल लागली त्याला विचारा.

वकील_देवपूर
फौजीसाहेब, मोटरसायकल मागे लागली एवढ्यावर गोळी झाडता येत नाही, हेही सांगा. न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पूर्वीचाच, कलमांचे आकडे तेवढे बदलले. पण जीव जाण्याची, जबर दुखापतीची किंवा लुटीसारख्या गुन्ह्याची रास्त भीती पाहिजे, आणि लागेल तेवढंच बळ. ते दोघं पुढे निघून गेले ना? समजा भाच्याने घाबरून आधीच झाडली असती. पंपाच्या कॅमेऱ्यात काय दिसलं असतं? एकाच रस्त्याने जाणाऱ्या दोन मोटरसायकली. आणि पळणाऱ्याच्या पाठीत गोळी लागली तर ते स्वसंरक्षण आहे हे पटवायला मला माझी सगळी वकिली पणाला लावावी लागेल.

सातपुडा_पायथा
हे बरोबर. फौजेतही हेच शिकवायचे: बाहेर काढलं तर झाडायच्या तयारीने, दाखवायला नाही. घाबरवण्यापुरतं काढणारा माणूस सगळ्यात धोक्याचा. समोरच्याला आणि स्वतःलाही.

खान्देशी_ठसका
बंदूक शे म्हनीसन रात्री फिरानं नी बंदूक नही म्हनीसन घरमा बसानं, दोन्ही चुकीचं. भाच्याने पंपावर गाडी घातली ना? पोरगं हुशार शे. त्याले बंदुकीपेक्षा चांगला मोबाईल घी द्या.

(कट्ट्याचं मी गंमत म्हणून लिहिलं होतं, वकीलसाहेब. तुम्ही डबा घेऊन बसलेल्या आईबापांचं सांगितलं आणि गंमत गेली.)

केळीबाग_रावेर
आज दुकानात जाऊन आलो. जळगावात नाही, लांबच्या शहरात. तिन्ही हाताळली.

निर्भीक हातात हलकं वाटलं, पण माझी बोटं जाड, करंगळी मुठीखाली लटकते. अशनी खरंच चपटं. शर्ट खाली सोडला तर आरशात दिसेना, मेहरूण भाऊ जिंकले. मग दुकानदार म्हणाला, रिकामंच आहे, स्लाइड ओढून बघा. उजव्या अंगठ्यात कापणीच्या विळ्याची जुनी जखम आहे, त्या बाजूची पकड कच्ची. चार वेळा ओढली, दोन वेळा अर्ध्यात सुटली. दुकानदार गालात हसला. प्रबलचा घोडा जड आहे पण दाबला जातो, चक्रही एका हाताने उघडलं. म्हणजे फौजीसाहेबही जिंकले.

पैसे भरले नाहीत अजून. वकीलसाहेबांनी भाच्याचं सांगितल्यापासून हिशोबच फिरलाय. हत्यार माझ्या कमरेला, मी घरी ओट्यावर, आणि पिशवी घेऊन पोरगं रस्त्यावर. ट्रकवाल्यांचे पैसे सोमवारपासून खात्यावर टाकतोय, त्याने पिशवी निम्म्याहून खाली येते. मजुरीची रोकड आठवड्यातून एकदा, दिवसाढवळ्या, चारचाकीत, मी स्वतः सोबत. तेवढ्यासाठी प्रबल घ्यावं असं मन म्हणतं. बहीण म्हणते, घे. बायको म्हणते, नको. तिला ताईंचं पापडाचं वाचून दाखवलं, ती चूक झाली.

मेहरूण_तलाव
प्रबल घेतलंत तर शर्ट एक साइज मोठा घ्या. आणि होल्स्टर चामड्याचं नको.

सातपुडा_पायथा
घेतल्यावर महिन्याभरात दहा गोळ्या तरी रेंजवर झाडा. मी येतो सोबत, गाडीचं पेट्रोल तुमचं.

सावद्याची_सून
भाऊ, घ्या की नका घेऊ, तुमची मर्जी. पण तुमच्याकडे घरात लग्न कधी आहे?

केळीबाग_रावेर
ताई, धाकटीचं. वैशाखात.