१८ अध्याय, १८ बागा: मोठ्याने वाचावं की मनात?

वाचतोय_हळूहळू
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने सुट्टीच्या सकाळी एखाद्या सार्वजनिक बागेत जाऊन गीतेचा एक अध्याय वाचतोय, आधी संस्कृत, मग अर्थ. १८ अध्याय म्हणून १८ बागा, आणि एकदा गेलो त्या बागेत परत जायचं नाही असं ठरवलंय. घरी बसलो की चौथ्या श्लोकाला फोन हातात यायचा, बागेत तसं होत नाही.
परवा सहावा झाला. वारा इतका होता की पान सारखं उलटत होतं, अंगठ्याने दाबून वाचत होतो आणि नेमका ३४ वा श्लोक आला, अर्जुन म्हणतो ना, मन आवरणं वारा आवरण्याइतकं अवघड, ‘वायोरिव सुदुष्करम्’. श्लोक पाठ होता माझा, पण अंगठ्याखाली पान फडफडत असताना पहिल्यांदा आत गेला. पुढे बराच वेळ वाचताच आलं नाही.
आता विचारायचंय ते असं की मोठ्याने वाचावं की मनात? मोठ्याने वाचलं की लोक बघतात आणि मी अवघडतो, मनात वाचलं तर श्लोकाची लय जाते. आणि अध्याय बघून बाग निवडावी का?

पिंपळपान
दादा, बाकीचे कुठेही वाचा पण १५ वा पिंपळाखालीच वाचा. त्याची सुरुवातच अश्वत्थापासून आहे, मुळं वर आणि फांद्या खाली. २० च श्लोक आहेत, त्यामुळे सावकाश दोनदा होतो. मी वाचून झाल्यावर तिथेच गवतावर आडवी झाले आणि खालून वर बघत राहिले, फांद्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात काही कळेना, तेव्हा ते उलटं झाड थोडं डोळ्यासमोर आलं. पिंपळ नाही मिळाला तर कुठलंही जुनं मोठं झाड चालेल. ११ वा मात्र मोकळ्या मैदानात, उगवतीच्या वेळी, त्यात हजार सूर्य एकदम उगवल्यासारखं तेज म्हटलंय ते समोर सूर्य असताना वाचा. १८ वा ७८ श्लोकांचा, अर्थासकट बराच वेळ लागतो, तेव्हा सावलीची जागा आधी बघून ठेवा.
आवाजाचं म्हणाल तर ओठ हलतील आणि आपल्या कानाला ऐकू येईल एवढाच. शेजारच्या बाकावरचा माणूसही शांततेसाठीच आलेला असतो.

तळ्याकाठी
मी ख्रिस्ती आहे, बागेत स्तोत्रसंहिता वाचते. १५० स्तोत्रं आहेत, ११७ वं दोन वचनांचं आणि ११९ वं १७६ वचनांचं, त्यामुळे हातात वेळ किती आहे तसं निवडता येतं.
पण परत त्या बागेत जायचं नाही हा नियम मला पटला नाही. पहिल्या स्तोत्रात पाण्याकाठी लावलेलं झाड आहे, हंगामात फळ देणारं, पान न कोमेजणारं. मी ते तळ्याकाठच्या ज्या झाडाखाली वाचलं ते अगदी निष्पर्ण होतं, आणि तो काळ माझ्यासाठीही कठीण होता, मनाला फार लागलं. काही महिन्यांनी त्याच बाकावर तेच स्तोत्र वाचलं तर डोक्यावर कोवळी लालसर पालवी, आणि इतकी वर्षं मी ज्या शब्दावरून नुसती पुढे जात होते तो ‘हंगाम’ हा शब्द दिसला. नवीन बागेतच गेले असते तर हे हातचं गेलं असतं.

ओवीकर
ज्ञानेश्वरी घ्यायचा विचार असेल तर एक अध्याय एक बाग जमणार नाही हं, १८ व्यातच १८०० च्या वर ओव्या आहेत. १२ व्यापासून सुरू करा, तो छोटा आहे.

वाचतोय_हळूहळू
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं तळ्याकाठचं वाचून नियम मोडला, सहावा परत त्याच बागेत वाचणार, वारा नसलेल्या दिवशी, कारण त्यातच निवांत जागी न हलणाऱ्या दिव्याचा श्लोकही आहे आणि त्या दिवशी तो माझ्या हातून नुसताच वाचून झाला. पण आधी रविवारी सातवा. त्यात पाण्यातला रस मी, पृथ्वीचा पवित्र गंध मी असं भगवंत म्हणतात, म्हणून माळी वाफ्यांना पाणी सोडतो त्या वेळेला जाऊन बसतो, आणि वाचणार ओठ हलवून.