गोबरगॅसचा जादा गॅस जाळायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमचं घर, परसात घुमटाचा गोबरगॅस. गणपतीत नि शिमग्याला घर भरलं की गॅस पुरत नाही. एरवी आई-बाबा दोघंच, शेगडी जेमतेम दोनदा पेटते. मग दाब वाढून शेणकाला बाहेरच्या टाकीत चढतो आणि बुडबुडे फुटत गॅस हवेत जातो. हे मला फार खटकतं. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन, आणि तो १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता अडवतो. जाळला तर १ किलो मिथेनपासून २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, तोही गुरांनी खाल्लेल्या चाऱ्यातलाच कार्बन. म्हणजे सोडून देण्यापेक्षा नुसता जाळणंही कितीतरी बरं.

कुणी घरच्या प्लांटला जादा गॅससाठी वेगळा बर्नर बसवलाय का? ज्योत उलटी पाइपात शिरू नये म्हणून काय लावलंत? की शेजारच्या घरापर्यंत पाइप नेणंच शहाणपणाचं? मला तेच पटतंय, पण मधे पऱ्या (ओढा) आहे.

आणखी एक: याच गॅसात सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही असतो. गंजलेला लोखंडी कीस तो धरून ठेवतो. कीस किती दिवसांनी बदलता?