'मयत' आणि 'मृत' : सारखेपणा किती, नाते किती?

प्रश्न : वडिलोपार्जित जमिनीच्या फेरफारात 'मयत खातेदाराचे वारस' असे शब्द वाचले. 'मयत' हे 'मृत'चेच घासून गुळगुळीत झालेले रूप असावे, असा माझा समज होता. परंतु तो अरबी शब्द असल्याचे एका परिचितांनी सांगितले. अर्थ तोच आणि 'म', 'त' ही अक्षरेही तीच, तेव्हा संस्कृत व अरबी यांचे मूळ एकच होते असे मानावे काय?

प्रतिसाद : तसे मानता येत नाही, आणि त्याचे कारण त्या 'त'मध्येच आहे. 'मृत'मधला धातू 'मृ' असून 'त' हा कृत, गत, हृत यांत लागतो तोच प्रत्यय आहे. तो बाजूला केला की मरण, मर्त्य हे शब्द त्याच धातूतून निघालेले दिसतात. अरबीत मात्र म-व-त ही तीन व्यंजने मिळून धातू होतो आणि त्यातला 'त' हा प्रत्यय नसून धातूचाच भाग आहे. मौत आणि मयत हे दोन्ही शब्द याच धातूचे असून, 'मृ'मध्ये जो 'र' आहे त्याचा त्यांत मागमूसही नाही. गंमत अशी की, फारसीमार्गे मराठीत आलेला 'मुडदा' हा मात्र 'मृत'चा खरा भाऊबंद आहे, कारण फारसी आणि संस्कृत एकाच कुळातल्या. 'मयत'ही त्याच फारसीच्या वाटेने आला, पण तो पाहुणा परक्या घरचा.

त्याचे सगेसोयरे शोधायचे तर आफ्रो-आशियाई भाषाकुलाकडे जावे लागते. हिब्रूत मृताला 'मेत' म्हणतात. प्राचीन इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीत नसत, तरी मरणे या अर्थाच्या शब्दात म आणि त स्पष्ट दिसतात. मोरोक्को-अल्जीरियातील बर्बर भाषांत 'म्मेत' आहे, आणि नायजेरियाच्या उत्तर भागातील हौसा भाषेत 'मुतु'. हौसात अरबीतून उसने घेतलेले शब्द विपुल असल्याने येथे शंका घेणे रास्तच. परंतु तिच्या चाडिक शाखेतील इतर भाषांतही या शब्दाची भावंडे सापडतात, म्हणून तो वारशाने आलेला मानतात.

उपप्रश्न : जुन्या पुस्तकांत 'हॅमिटो-सेमिटिक' असे नाव आढळते. ते हेच कुल काय? आणि त्याच्या शाखा किती?

प्रतिसाद : कुल तेच, पण ते नाव आता टाळावे. बायबलातील नोहाच्या शेम या पुत्रावरून जर्मन इतिहासकार श्लोत्सर यांनी 1781 मध्ये अरबी, हिब्रू यांच्या गटासाठी 'सेमिटिक' हा शब्द रूढ केला, आणि 1876 मध्ये फ्रीड्रिख म्यूलर यांनी हाम या दुसऱ्या पुत्राची जोड देऊन संयुक्त नाव वापरले. त्या वंशावळीत कनान हा हामचा मुलगा आहे, आणि कनानी भाषा तर अस्सल सेमिटिक. म्हणजे पुराणातली वंशावळ भाषांना लावण्याचा खटाटोप मुळातच फसलेला होता. त्याहून मोठा दोष असा की, सेमिटिकेतर भाषांची मिळून 'हॅमिटिक' अशी एक शाखा कधी नव्हतीच. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हे ठामपणे मांडले आणि 'आफ्रो-आशियाई' हे नाव प्रचारात आणले.

शाखा सामान्यतः सहा मानतात : सेमिटिक, इजिप्शियन, बर्बर, चाडिक, कुशिटिक (सोमाली, ओरोमो) आणि ओमोटिक. यांतील शेवटची नैऋत्य इथिओपियातली. ती कुशिटिकचाच पश्चिम भाग समजली जात असे. 1969 मध्ये हॅरॉल्ड फ्लेमिंग यांनी ती वेगळी काढली, आणि ती या कुलात मोडते की नाही यावर आजही वाद आहे. सहांपैकी पाच शाखा आफ्रिकेतच आहेत, आणि सेमिटिकमधलीही अम्हारिक इथिओपियात बोलली जाते. एवढी विविधता जेथे एकवटली आहे तेथेच मूळ भूमी असावी, हा तर्क मला अधिक पटतो. शेतीविषयक शब्दांच्या आधारे ती पश्चिम आशियात, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत शोधणारे अभ्यासकही आहेत. ही फाटाफूट दहा हजार वर्षांहून जुनी असल्याने तुलनेला उरलेले शब्द थोडे, आणि म्हणून शब्दांपेक्षा व्याकरणातील खुणांवर अधिक विसंबावे लागते.

त्यांतली सर्वांत बोलकी खूण म्हणजे स्त्रीलिंगदर्शक 'त'. प्राचीन इजिप्शियनमध्ये भावासाठी 'स्न' तर बहिणीसाठी 'स्न्त' असे लिहीत. अरबीत मुलगा 'इब्न' आणि मुलगी 'बिन्त'. बर्बरमध्ये तर हा 'त' शब्दाच्या दोन्ही टोकांना बसतो, 'अमाझिघ' म्हणजे त्या समाजाचा पुरुष आणि 'तमाझिघ्त' म्हणजे स्त्री किंवा त्यांची भाषा.

हाच 'त' आपण रोज उच्चारतो. हकीकत, अदालत, तब्येत, कुवत या शब्दांच्या शेवटी आहे तो अरबीचा स्त्रीलिंगी प्रत्यय. खुद्द अरबी बोलणारे वाक्याच्या शेवटी तो गिळतात, पण फारसीने या शब्दांत तो जपला आणि आपण तसाच घेतला. हे सारे शब्द मराठीतही स्त्रीलिंगीच चालतात, तो मात्र योगायोग असू शकेल. 'मयत'मधला 'त' या रांगेत बसवू नये. तो, वर म्हटल्याप्रमाणे, धातूचा आहे.