मध्ययुगात फ्रान्स फुटला असता तर नेमका कधी?

नकाशावेडा:
आल्टरनेट हिस्टरीवाल्यांना (इतिहास वेगळा घडला असता तर काय, यावर विचार करणाऱ्यांना) एक प्रश्न. आजचा फ्रान्स नकाशावर बघितला की हा पहिल्यापासून असाच अखंड असणार असं वाटतं, पण 987 ला ह्यू कापे राजा झाला तेव्हा त्याच्या थेट ताब्यात पॅरिस, ओर्लेआं आणि आजूबाजूचा थोडासा पट्टा एवढंच होतं, बाकी नॉर्मंडी, अ‍ॅक्विटेन, फ्लँडर्स, टुलूझ, बर्गंडी हे सगळे आपापल्या मुलखात राजेच, नावापुरते मांडलिक. शेजारच्या जर्मन साम्राज्याचे तुकडे झाले मग ह्याचे का नाही झाले? मला तरी 1152 सगळ्यात जवळचं वाटतं. फ्रान्सचा राजा लुई सातवा आणि अ‍ॅक्विटेनची वारस एलिनॉर यांचं लग्न मोडलं, दोनच महिन्यांत तिने आंजू आणि नॉर्मंडीच्या हेन्रीशी लग्न केलं, आणि तो 1154 ला इंग्लंडचा राजा झाला. नॉर्मंडीपासून पिरेनीजपर्यंतचा पश्चिम भाग एकाच घरात आला. इथून वेगळा देश सहज झाला असता ना? जाणकारांनी लिहा प्लीज.

किल्लेदार_७:
1152 बद्दल असहमत. हेन्री इंग्लंडात राजा होता पण फ्रान्समधल्या जमिनी त्याच्याकडे लुईचा मांडलिक म्हणूनच होत्या आणि हे त्याला स्वतःलाही मान्य होतं. 1159 चं टुलूझ बघा. हेन्री मोठं सैन्य घेऊन टुलूझवर चालून गेला, लुई थोडीशी माणसं घेऊन स्वतः शहरात जाऊन बसला, आणि हेन्रीने माघार घेतली, कारण आपल्याच धन्यावर हत्यार उचललं तर उद्या आपले सरदार आपल्याशी काय करतील ही भीती. 1173 ला त्याची स्वतःची पोरं बापाविरुद्ध उठली तेव्हा ती मदतीला कुणाकडे गेली, तर लुईकडेच. आणि 1202 ला लुईचा मुलगा, राजा फिलिप ऑगस्ट, याने हेन्रीचा मुलगा जॉनला कोर्टात बोलावलं, तो आला नाही, म्हणून जमिनी जप्त केल्या आणि 1204 ला नॉर्मंडी घेतली. म्हणजे जोपर्यंत प्रत्येक भांडणाचं शेवटचं अपील पॅरिसला जातंय तोपर्यंत कितीही मोठा मांडलिक असू द्या, फ्रान्स फुटत नाही. फुटायला वेगळा मुकुट पाहिजे किंवा अपील तरी तुटलं पाहिजे.

सायली_इतिहास:
अपीलचा मुद्दा एकदम बरोबर, आणि त्यासाठी 1360 चा ब्रेतिन्यीचा तह बघायला हवा. फ्रान्सचा राजा जाँ पोइतिएच्या लढाईत इंग्रजांकडून पकडला गेलेला, 30 लाख एक्यूंची खंडणी ठरली, आणि अ‍ॅक्विटेन इंग्लंडच्या राजाला पूर्ण सार्वभौम म्हणून द्यायचं ठरलं. पण दोन्ही बाजूंनी आपापले हक्क सोडल्याची कागदपत्रं द्यायची होती ती कधी दिलीच गेली नाहीत! मग अ‍ॅक्विटेन सांभाळणाऱ्या ब्लॅक प्रिन्सने (इंग्लंडच्या राजाचा मुलगा) चूलपट्टी बसवली तेव्हा आर्मान्याक आणि आल्ब्रे हे सरदार सरळ पॅरिसला अपील करायला गेले, फ्रान्सचा राजा पाचव्या चार्ल्सने ते घेतलं आणि 1369 ला युद्ध परत सुरू. ती कागदपत्रं वेळेवर दिली गेली असती तर हे अपील कायद्याने उभंच राहिलं नसतं.
बाकी लोक नेहमी बर्गंडी सुचवतात, 1473 ला ट्रियरमध्ये जर्मन सम्राट तिसरा फ्रेडरिक बर्गंडीचा ड्यूक शूर चार्ल्सला राजा करणार अशी सगळी तयारी झालेली आणि सम्राट अचानक निरोपसुद्धा न घेता निघून गेला. मला हा सिनॅरिओ आवडतो पण 1477 ला नान्सीच्या लढाईत चार्ल्स मेला तेव्हा मागे एकटी मुलगी, आणि मुलगा नाही म्हणून फ्रान्सच्या अकराव्या लुईने बर्गंडीची डची परत घेतली. फ्लँडर्स मात्र तिच्याकडे राहिलं, आर्त्वा 1493 ला तिच्या घराण्याकडे परत गेलं, आणि 1529 ला फ्रान्सने या दोन्हींवरचा हक्कही सोडला. म्हणजे एक तुकडा खऱ्या इतिहासातच पडलाय, हे कुणी मोजतच नाही.

गारोनकाठ:
तुम्ही सगळे उत्तरेत अडकलाय. माझं उत्तर 12 सप्टेंबर 1213, टुलूझजवळची म्युरेची लढाई. दक्षिणेची भाषा वेगळी, कायदा वेगळा, टुलूझचा कारभार शहराच्या निवडलेल्या कॉन्सलांकडे, आणि पॅरिसचा राजा तिथे फारसा कुणी बघितलेला नाही. दक्षिणेतल्या पाखंडी पंथाविरुद्ध तेव्हा पोपचं धर्मयुद्ध चालू होतं. त्याच वर्षी जानेवारीत टुलूझचा काउंट रेमों, त्याचा मुलगा, शहराचे कॉन्सल, फ्वा आणि कोमांजचे काउंट ह्या सगळ्यांनी पिरेनीजपलीकडच्या आरागॉनचा राजा दुसऱ्या पेद्रोला निष्ठेची शपथ दिली. म्हणजे वर किल्लेदारांनी म्हटलेला वेगळा मुकुट इथे आयता तयार आहे! आणि पेद्रो पाखंडी नव्हता, एक वर्ष आधी स्पेनमध्ये लास नावासला मुस्लिम सैन्याविरुद्ध जिंकलेला, रोममध्ये पोपच्या हातून मुकुट मिळालेला राजा.
लढाईत काय झालं ते नीट बघा. धर्मयुद्धाचा सेनापती सिमोन द मॉंफोर म्युरेच्या गावात कोंडलेला, त्याच्याकडे हजाराच्या आतच घोडेस्वार. रेमों सांगत होता की छावणीला कुंपण घाला, त्यांना येऊ द्या आणि आडव्या धनुष्यांनी मारा, पण आरागॉनच्या सरदारांना हा भित्रेपणा वाटला. पेद्रो दुसऱ्याचं चिलखत घालून, मागच्या फळीत न थांबता स्वतः पुढे उतरला आणि पहिल्या धडाक्यातच मारला गेला, राजा पडला म्हटल्यावर सैन्य उधळलं. त्याचा पाच वर्षांचा मुलगा जाइमे तेव्हा मॉंफोरच्याच ताब्यात होता. पुढे 1229 च्या तहात टुलूझची वारस मुलगी फ्रान्सच्या राजाच्या भावाला द्यायची ठरली, दोघं 1271 ला निपुत्रिक गेले आणि टुलूझ राजाकडे आलं. ह्याच जाइमेने 1258 ला कॉर्बेईच्या तहात पिरेनीजच्या उत्तरेकडचे जवळजवळ सगळे हक्क सोडले.
पेद्रो त्या दिवशी मागे थांबला असता तरी पुरे होतं, जिंकायचीसुद्धा गरज नव्हती.

नकाशावेडा:
किल्लेदार, 1159 चं उदाहरण पटलं, 1152 सोडलं. म्युरे धरून नकाशा काढायला घेतोय. प्रोव्हान्सचा काउंटही तेव्हा बार्सिलोनाच्याच, म्हणजे पेद्रोच्या घराण्यातला लहान मुलगा होता, म्हणजे बार्सिलोनापासून नीसपर्यंत सलग किनारा येतो. खऱ्या इतिहासात प्रोव्हान्स 1246 ला लग्नातून फ्रान्सचा राजा नवव्या लुईच्या भावाकडे गेलं, ते लग्न आता होणार नाही असं धरतो. पण प्रोव्हान्स जर्मन साम्राज्यात मोडतं, सम्राट दुसरा फ्रेडरिक गप्प बसेल का? ह्यावर कुणी लिहा.