शौचातून रक्त गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

गेल्या वैशाखात बाबा आईला म्हणाले, "उष्णता झालीय, रक्त पडतंय." आमच्या देवगडकडे आंब्याच्या दिवसांत कुठल्याही दुखण्याला उष्णताच म्हणतात. रात्री उशिरापर्यंत पेट्या भरायच्या, जेवणाला वेळ नाही, त्यामुळे आईलाही वेगळं काही वाटलं नाही. तिने सब्जाचं पाणी दिलं, तिखट बंद केलं, सुरणाची भाजी सुरू केली. आठ दिवस रक्त थांबलं. मग परत आलं, परत थांबलं. तेवढ्यात पाऊस लागला, लावणी आली, चतुर्थी आली. गणपती गेल्यावर बाबा पाखाडी चढताना दम लागून मध्येच बसले. हिमोग्लोबिन ७ निघालं.

तपासायला डॉक्टरांनी बोट घातलं तेव्हाच गाठ हाताला लागली. एका मिनिटाची तपासणी, आणि आम्ही ती चार महिने केली नव्हती. पुढे गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं बघितलं, तुकडा तपासला, गुदाशयाचा कॅन्सर निघाला. रेडिएशन, केमो, ऑपरेशन सगळं झालं. सध्या शौचासाठी पोटावर पिशवी आहे, पण बाबा बागेत जायला लागलेत.

ते रक्त बाबांना दिसत होतं, आई ते कपड्यांवर धूत होती. आम्हा मुलांना मात्र दोघांनी सांगितलं नाही. तुमच्या घरी असं काही झालं असेल तर लिहा. डॉक्टरकडे कधी गेलात, कशामुळे थांबलात, काय निघालं?

रत्नागिरी, रिक्षाचालक, वय ३४

माझं उलटं झालं. पहिल्या दिवशी रक्त बघितलं आणि रात्रभर मोबाईलवर वाचत बसलो. कॅन्सरच आहे असं धरून तीन आठवडे झोप नव्हती. शौचाला बसलं की काचेने कापल्यासारखी कळ यायची, नंतर तासभर आग. भीतीने मी जेवणच कमी केलं, त्याने खडा आणखी कडक झाला आणि रक्त वाढलं. रस्त्यावर लघवीची सोय नसते म्हणून पाणी आधीपासूनच कमी प्यायचो.

डॉक्टरांनी बघून सांगितलं, फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर. मलम, इसबगोल, दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसणं. दीड महिन्यात बरं झालं. ते तीन आठवडे मी कुणाला सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. आता रिक्षात दोन बाटल्या पाणी असतं.

मालवण

सासूबाईंचं रक्त लाल नव्हतं, म्हणून आम्हाला ते रक्त वाटलंच नाही. शौच काळी, डांबरासारखी चिकट आणि विचित्र वासाची. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या त्या रोज घ्यायच्या, तेही नुसत्या चहावर. लोहाच्या गोळीने शौच काळी होते हे मला ठाऊक होतं, पण त्या लोहाची गोळी घेतच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मोरीत घामाघूम होऊन पडल्या. तरी म्हणतात, "माका काय्येक झालेला नाय." १०८ ला फोन केला. दोन बाटल्या रक्त चढवलं, तोंडातून दुर्बीण घातली, तर जठरात अल्सर. आता घरात दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय येत नाही.

वेंगुर्ला

आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर खाल्ली होती. तेवढंच निघालं. तरी तपासून घेतलं, बरं वाटलं.

चिपळूण, निवृत्त परिचारिका

वॉर्डात तीस वर्षं हेच ऐकलं: "सिस्टर, मूळव्याधच आहे ना?" बहुतेक वेळा असतेच. मूळव्याधीत ताजं लाल रक्त शौचानंतर थेंब-थेंब पडतं, बहुधा दुखत नाही. पण मूळव्याध असलेल्या माणसालाच वर आतड्यात गाठही असू शकते. म्हणून वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन उतरत असेल, थकवा असेल, तर मूळव्याधीचे कोंब दिसले एवढ्यावर समाधान मानू नका. कोलोनोस्कोपी लागेल का, हे तोंडाने विचारा. तरुण असाल तरी रक्त परत परत येत असेल तर एकदा दाखवाच.

थांबायचं नाही ते वेगळं: रक्त थांबतच नाही, रक्ताच्या गाठी पडतायत, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, पोटात जोरात दुखतंय, किंवा मालवणच्या ताईंनी लिहिलंय तशी काळी शौच. तेव्हा सकाळची वाट बघू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही लगेच कळवा, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

गुहागरकडून

मी हायवेवरची मूळव्याधीच्या इलाजाची पाटी बघून गेलो होतो. बिनऑपरेशन, इंजेक्शनने कोंब गळतो म्हणाले. तपासलं नाही, नाव विचारलं नाही, पैसे आधी घेतले. पाचव्या दिवशी पू आणि ताप. पुढे सर्जनने सगळं साफ केलं, बसायला महिना गेला. लाजेपोटी आडवाटेने गेलो. सरळ सरकारी दवाखान्यात गेलो असतो तर हे भोगावं लागलं नसतं.

लांजा

दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं. पुरुष डॉक्टरांपुढे जायचं नाही म्हणून सहा महिने काढले. शेवटी आशाताईंना सांगितलं, त्या सोबत आल्या. डाव्या कुशीवर झोपवतात, अंगावर चादर असते, बाजूला सिस्टर उभी असते. तुम्ही सांगू शकता की बाई सोबत हवी. बायकांनी हे वाचावं म्हणून लिहिलं.

सावंतवाडीच्या वरची वाडी

कोलोनोस्कोपीचं कुणी सांगत नाही ते मी सांगतो. आदल्या दिवशी पावडर पाण्यात कालवून प्यायची असते, लिटरच्या हिशोबात. मग रात्रभर धावपळ. आमचा संडास घराच्या मागे, आषाढातला पाऊस, हातात बॅटरी आणि छत्री. पहाटे एसटीने निघायचं म्हटल्यावर बायको रडायलाच आली. तुमच्यावर ही वेळ आली तर आदल्या दिवशीच शहरात नातेवाइकांकडे उतरा, ज्यांच्या घरात संडास आहे. खुद्द तपासणी गुंगीत झाली, काही कळलं नाही. एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला छोटा कोंब, निघाला, त्याच वेळी काढून टाकला. असा पॉलिप पुढे काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो म्हणाले. धाकट्या भावालाही तपासायला सांगितलंय, तो अजून टाळतोय.

हर्णै, खलाशी, वय ४७

बोटीवर आठ-दहा दिवस असतो. तिथे काय बघणार, सगळं दर्यात जातं. पण घरी तीन वेळा दिसलं. पट्टा दोन भोकं आत गेलाय, मी म्हटलं मेहनतीने. वडील पोटाच्या गाठीने गेले, कुठली गाठ ते तेव्हा कुणी विचारलं नाही. सगळं वाचून आत्ता बायकोला सांगितलं. बोट पहाटे सुटणार होती, तांडेलाला फोन करून नाही म्हटलं. सकाळच्या पहिल्या गाडीने दापोलीला जातोय.

धागाकर्ती

दादा, वडिलांचं आणि पट्ट्याचं दोन्ही सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. वहिनींनाही न्या, आत काय बोललं ते दोघांच्या लक्षात राहतं. बाबा शेजारीच बसलेत, त्यांनी वाचलं. म्हणतायत, बोट घालून तपासायला सांग, लाजू नको म्हणावं.