मदत हवी आहे : ट्रॅक्टरला बसवलेले इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग वळताना बंद पडते

नमस्कार. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला कारमधले इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग (विजेच्या मदतीने हलके वळणारे) बसवले आहे. रस्त्यावर ते हलके चालते; परंतु नांगरलेल्या रानात, बांधाजवळ इंजिनाचे फेरे कमी असताना पूर्ण वळण घेतले, की स्टिअरिंगला मिळणारी ही मदत अचानक सुटते आणि चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावरच परत येते. त्या क्षणी बॅटरीवर १२ व्होल्ट, तर स्टिअरिंगच्या कंट्रोलरच्या (ही मदत नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या) जोडणीवर जेमतेम साडेनऊ व्होल्ट मिळतात. अर्थिंगची वायर बदलूनही फरक नाही. दोष पुरवठ्याच्या वायरीचा, की फ्यूजच्या जोडणीचा? ट्रॅक्टरकडून वेगाचा सिग्नल मिळत नसल्यामुळेही कंट्रोलर असा बंद होतो का? वडील याच ट्रॅक्टरने उसाची ट्रॉली ओढतात, म्हणून काळजी वाटते. जाणकारांनी तपासणीचा क्रम कृपया सांगावा.