मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात बाइकला कोणतं ऑइल?

मंडळी, दीडशे सीसीची बाइक आहे. रोज बुटीबोरी ते बर्डी, मे महिन्यात ४५ अंशांत, वरून सिग्नलवर इंजिन चालूच. आजवर २०डब्ल्यू-४० (ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) मिनरल, म्हणजे साधं खनिज तेलाचं ऑइल वापरलं. हल्ली गेज काडी पुसून बघितली की ऑइलची पातळी खाली गेलेली दिसते. धूर नाही, खाली थेंबही नाही. म्हणजे उडून जात असावं. हलक्या बेस ऑइलचा (ऑइलमधल्या मूळ तेलाचा) वाफ होण्याचा गुण नोअॅक चाचणीत मोजतात, २५० अंशांवर एक तास. पण हा आकडा डब्यावर कोणी छापत नाही!

दुकानदार म्हणतो, 'फुल्ली सिंथेटिक घ्या भाऊ.' पण बेस ऑइलच्या प्रकारांतला ग्रुप ३ म्हणजे हायड्रोक्रॅक केलेलं (हायड्रोजनने प्रक्रिया केलेलं) खनिज तेलच, तेही त्याच नावाने विकतात. ग्रुप ४ म्हणजे पीएओ, रसायनांपासून बनवलेलं खरं सिंथेटिक. डब्यावरून हे ओळखायचं कसं? डेटाशीटमध्ये नेमकं काय बघायचं?

दुसरं, मल्टिग्रेडमधलं (१०डब्ल्यू-४० सारख्या दुहेरी ग्रेडच्या ऑइलमधलं) व्हीआय इम्प्रूव्हर, म्हणजे तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ न देणारं द्रव्य, गिअरच्या दातांत भरडून तुटतं आणि ऑइल पातळ होतं. बाइकमध्ये गिअरबॉक्सलाही तेच ऑइल, मग १०डब्ल्यू-४० किती किलोमीटर टिकेल?

मिस्त्री वरून घर्षण कमी करणारी अॅडिटिव्हची बाटली ओतायला सांगतोय. क्लच ऑइलात बुडालेला, तो घसरणार नाही का? मला तर जासो एमए२ (ऑइलात बुडालेल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) लिहिलेलं ऑइल तसंच वापरणं बरं वाटतं. कुणी विदर्भातल्या उन्हाळ्यात बदल करून पाहिलाय का? ग्रेड आणि किलोमीटरसकट सांगा.